जन्मताना खांदा अडकून बाळाचा उजवा हात लुळा पडला आहे. खेड्यात राहून उपचार कसे चालू ठेवावेत?

शाळूचे_रान (प्रश्न)

नमस्कार. मी मंगळवेढा तालुक्याच्या दक्षिण भागातील एका गावात राहतो. थोडी कोरडवाहू शेती आणि गावच्या सोसायटीत लिखापढीचे काम असा माझा प्रपंच आहे. पत्नीचे पहिले बाळंतपण रीतीप्रमाणे माहेरी, अक्कलकोट तालुक्यात झाले. मुलगी झाली आणि जन्मताना तिचे वजन ४ किलो २०० ग्रॅम भरले. डोके बाहेर आल्यानंतर खांदा आत अडकला, काही मिनिटे सर्वांची धावपळ झाली आणि अखेर बाळ बाहेर आले. ती किंचित उशिराने रडली, पण पहिल्या दिवसापासून दूध व्यवस्थित ओढते. मात्र उजवा हात ती हलवत नव्हती. तो अंगालगत सरळ पडून राहतो, तळवा मागच्या बाजूला वळलेला असतो आणि दचकली की डावा हात वर जातो, उजवा जात नाही. बोटे मात्र हलतात आणि आपले बोट तिच्या मुठीत दिले तर ती धरते.

घरी सोडताना दिलेल्या कागदावर 'उजवी एर्ब्ज पाल्सी' असे लिहिले आहे. तोंडी एवढेच सांगण्यात आले की मालिश करत राहा, आपोआप सुधारेल. पुन्हा कधी दाखवायचे, कोणाला दाखवायचे आणि सुधारणा झाली नाही तर पुढे काय करायचे, यांपैकी काहीही सांगितले गेले नाही. त्या दवाखान्याविषयी तक्रार करण्याचा माझा येथे हेतू नाही. प्रसूतीच्या वेळी त्यांनी प्रयत्नांची शर्थ केली हे मी स्वतः पाहिले आहे.

आज बाळ सात आठवड्यांचे आहे. सासुरवाडीच्या गावातून सोलापूरला जायचे तर आधी अक्कलकोटपर्यंत वडाप, मग एसटी आणि पुढे रिक्षा असा प्रवास आहे. बाळंतिणीला आणि एवढ्याशा जिवाला घेऊन रोज किंवा दिवसाआड हे जमणार नाही. पाचव्या महिन्यानंतर दोघी आमच्या गावी येतील, तेव्हा अंतर आणखी वाढेल. दोन्ही गावांच्या आसपास फिजिओथेरपी करणारे कोणी नाही. एका परिचितांनी सोलापुरात महिनाभर खोली घेऊन राहा असे सुचवले, पण पेरणीच्या तोंडावर ते मला परवडणारे नाही.

तेव्हा माझे विचारणे असे की, उपचार रोज तज्ज्ञांच्याच हातून व्हावे लागतात की घरी करता येतात? आपोआप सुधारेल म्हणून किती दिवस वाट पाहणे योग्य आहे? आणि सासूबाई रोज सकाळी न्हाऊ घालताना जी मालिश करतात, तीत दोन्ही हात धरून छातीवर आडवे-तिडवे करतात. ते या हाताला चालते का? त्यांना थेट नको म्हणण्याचा मला संकोच वाटतो, म्हणून कारणासह उत्तर मिळाल्यास उपकार होतील.

बालफिजिओ_सोलापूर

आपण लक्षणे फार नीट लिहिली आहेत, त्यामुळे उत्तर देणे सोपे झाले. मी सोलापुरात लहान मुलांच्या भौतिकोपचाराचे काम करते. प्रत्यक्ष तपासल्याशिवाय या बाळाविषयी निश्चित मत देता येणार नाही, हे गृहीत धरून पुढचे वाचावे.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर असे की, या दुखापतीत रोजचा उपचार घरीच करायचा असतो आणि तो शहरातल्या आईलाही घरीच करावा लागतो. माझ्याकडे आठवड्यातून दोनदा येणारे बाळसुद्धा फार तर तासभर माझ्या हाती असते. उरलेल्या वेळी ते आईच्या मांडीवर, पाळण्यात आणि आजीच्या पायांवर असते आणि सांधा आखडायचा तो त्याच वेळात आखडतो. आमचे काम म्हणजे आईचा हात बसेपर्यंत तिला शिकवणे आणि ठरलेल्या तारखांना मोजमाप घेऊन सुधारणा योग्य वेगाने होत आहे की नाही ते सांगणे. म्हणून सोलापुरात खोली घेऊन राहण्याचे कारण नाही; ठरलेल्या तारखा चुकवू नयेत, इतकेच पुरे.

आता कागदावरच्या 'एर्ब्ज पाल्सी'त नेमके काय झाले आहे ते पाहू. मानेच्या मणक्यांतून निघणाऱ्या पाच नसा खांद्याजवळ एकमेकींत गुंफल्या जाऊन हाताकडे जातात. खांदा अडकतो तेव्हा डोके आणि खांदा यांमधले अंतर ताणले जाते आणि वरच्या दोन नसांवर सर्वांत जास्त ताण पडतो. खांदा बाजूला उचलणे, हात बाहेरच्या अंगाला वळवणे आणि कोपर वाकवणे ही कामे याच दोन नसांची असल्यामुळे तीच थांबतात आणि खालच्या नसा शाबूत असल्यामुळे मूठ वळते. आपल्या मुलीची बोटे हलतात, हे त्या दृष्टीने चांगले लक्षण आहे. हजार जन्मांमागे साधारण एक-दोन बाळांना अशी इजा होते आणि त्यांतील बहुतेक बाळे पुष्कळ सुधारतात. 'आपोआप सुधारेल' हे विधान त्यामुळे खोटे नाही, ते अर्धवट आहे. नस नुसती ताणली गेली असेल तर ती काही आठवड्यांत जागी होते. आतले तंतू तुटून वरचे आवरण टिकले असेल तर तंतू पुन्हा वाढतात, पण दिवसाला सुमारे एक मिलिमीटर या गतीने. नस पूर्ण तुटली असेल किंवा मुळापासून उपटली गेली असेल, तर ती कितीही वाट पाहिली तरी स्वतःहून जोडली जात नाही. बाहेरून पाहता पहिल्या दिवशी हे तिन्ही प्रकार सारखेच दिसतात. फरक कळतो तो काळानेच, आणि म्हणूनच तारखा महत्त्वाच्या ठरतात.

सर्वांत महत्त्वाची तारीख तीन महिने पूर्ण होण्याची आहे. त्या सुमारास बाळ कोपर स्वतःहून वाकवू लागले, म्हणजे दंडातली बेटकुळी कामाला लागली, तर पुढची वाटचाल बहुधा चांगली होते. तसे दिसले नाही, तर नसांवर शस्त्रक्रिया करणाऱ्या तज्ज्ञांना विनाविलंब दाखवावे. ही शस्त्रक्रिया साधारणपणे तिसऱ्या ते नवव्या महिन्यात विचारात घेतली जाते, कारण नसेचा संदेश न मिळालेला स्नायू वर्ष-दीड वर्षात प्रतिसाद देण्याची क्षमता गमावतो. तीन महिने पूर्ण होईपर्यंतचे पाच आठवडे आपल्या हाती आहेत. एका डोळ्याची पापणी झुकणे, त्याच डोळ्याची बाहुली लहान दिसणे, बोटेही निर्जीव होणे किंवा श्वास जलद चालणे यांपैकी काही आढळले तर तिसऱ्या महिन्याची वाट पाहू नये. त्याच बाजूचा पायही कमी हलत असेल तर तेही डॉक्टरांना आवर्जून सांगावे, कारण मग दुखापत केवळ खांद्यापुरती नसण्याची शक्यता असते.

घरच्या व्यायामाबद्दल सांगते, पण एकदा तरी प्रत्यक्ष शिकून घेतल्याशिवाय सुरू करू नये. खांदा अडकलेल्या बाळांत गळ्याजवळचे हाड मोडलेले असू शकते; ते लवकर जुळते, तरी जुळल्याची खात्री आधी हवी. सर्वांत मोलाचा व्यायाम हात बाहेरच्या अंगाला वळवण्याचा आहे. कोपर काटकोनात वाकवून बरगडीला टेकवून ठेवायचे आणि मनगट पोटावरून बाहेरच्या बाजूला, दार उघडावे तसे, सावकाश न्यायचे व दहा अंक मोजेपर्यंत तेथेच धरायचे. हात वर उचलताना दुसऱ्या हाताने खांद्याचे पाते खाली धरून ठेवावे लागते, नाहीतर हालचाल सांध्याऐवजी पात्यातच होते. हात वर गेल्यासारखा दिसतो आणि सांधा आतल्या आत आखडत राहतो. ही चूक सर्वांकडून होते. याखेरीज कोपर, मनगट आणि बोटे यांची हालचाल करावी आणि तळवा वर येईल असा फिरवावा. प्रत्येक वेळी लंगोट बदलताना हे केले तर दिवसातून सात-आठ वेळा सहज होते, वेगळा वेळ काढावा लागत नाही. हालचाल अडते तेथे थांबायचे. जोर लावायचा नाही.

मालिशीबद्दल. तेल लावून हलक्या हाताने चोळण्यास कोणतीही हरकत नाही, उलट त्या हाताला स्पर्श मिळतो. पण मनगट धरून ओढणे आणि हात छातीवर आडवा नेणे टाळलेच पाहिजे. हा हात आधीच आतल्या अंगाला वळलेला असतो. छातीवर आडवा नेला की तो आणखी आत वळतो, आणि ओढला की नुकत्याच ताणल्या गेलेल्या नसा पुन्हा ताणल्या जातात. सासूबाईंना सोलापूरला सोबत घेऊन या. माझा अनुभव असा आहे की, आजीला बाजूला ठेवले तर ती आपली रीत सोडत नाही, आणि तिच्या हाती काम सोपवले तर ती आईपेक्षा नेटाने करते.

झबले घालताना दुखरा हात आधी घालावा आणि काढताना शेवटी काढावा. उचलताना काखेत हात घालू नये. एक हात मानेखाली आणि एक ढुंगणाखाली घ्यावा. जागेपणी थोडा वेळ पोटावर झोपवून उजवा कोपर छातीखाली येईल असा ठेवावा आणि तेव्हा कोणीतरी समोर बसावे.

भीमाकाठ

आमच्या भागात हाड बसवणारे एक वयस्कर गृहस्थ आहेत. लचक, निखळलेला खांदा यांवर त्यांचा हात चांगला आहे. एकदा दाखवून पाहण्यास काय हरकत आहे, असे मला वाटते. तिकडे पैसेही लागत नाहीत.

बालफिजिओ_सोलापूर

भीमाकाठ, आपला हेतू चांगला आहे, तरीही स्पष्टपणे नको म्हणते. येथे सांधा निखळलेला नाही आणि हाडही बसवायचे नाही. इजा नसेला झाली आहे, आणि झटका देऊन नस जुळत नाही. दीड-दोन महिन्यांच्या बाळाचे हाड इतके कोवळे असते की अशा प्रयोगात ते मोडू शकते.

सांगोल्याची_आई

आपला प्रश्न वाचून सहा वर्षांपूर्वीचे माझे घर डोळ्यांसमोर उभे राहिले. माझ्या मुलाचा डावा हात असाच होता. आम्ही दाखवत होतो त्या ठिकाणी प्रत्येक वेळी 'अजून थोडे थांबा' असे सांगण्यात आले. आम्हीही थांबत राहिलो, कारण थांबण्यास खर्च येत नव्हता आणि त्या वर्षी डाळिंबावर तेल्या रोग पडल्याने हातात काही नव्हते. पुण्याला नसांच्या तज्ज्ञांकडे पोहोचलो तेव्हा मुलगा अकरा महिन्यांचा झाला होता. त्यांनी रागावून काही म्हटले नाही. त्यांनी फक्त जन्मतारीख दोनदा विचारली. नसांवर शस्त्रक्रिया करून फारसे काही साधणार नाही, असे ठरले. पुढे चौथ्या वर्षी काम करणाऱ्या एका स्नायूची जागा बदलून खांद्याला जोड देण्याची शस्त्रक्रिया झाली. आज तो हात डोक्यापर्यंत नेतो, मात्र सदऱ्याचे वरचे बटण लावताना मान खाली घालतो.

मला आपल्याला घाबरवायचे नाही. आपण सातव्या आठवड्यात विचारत आहात आणि मी तेव्हा कोणालाच विचारले नव्हते, हा फरक फार मोठा आहे.

व्यायामाविषयी ताईंनी लिहिलेच आहे. मी घरातल्या काही गोष्टी सांगते. पहिल्या महिन्यात आम्ही उत्साहाने सर्व करत होतो. पुढे सुगी आली, पाहुणे आले, बाळ आजारी पडले आणि एकेक वेळ गळत गेली. मग मी भिंतीवरच्या दिनदर्शिकेत प्रत्येक चौकोनात काजळाचे ठिपके देऊ लागले, एका वेळेला एक. दिवसाचे सात ठिपके झाले नाहीत तर रात्री झोपण्यापूर्वी राहिलेले करायचे. दर महिन्याला एकाच जागी, एकाच उजेडात बसून आपल्या मुलीच्या हालचालीचे मोबाईलवर दोन मिनिटांचे चित्रण करून ठेवा. तज्ज्ञांसमोर बाळ नेमके झोपते किंवा रडते, आणि आपण 'घरी हलवतो हो' म्हणत राहतो. चित्रण असले की ते स्वतः पाहू शकतात. आमच्याकडे असे काहीच नव्हते, त्यामुळे सहाव्या महिन्यात तो कोपर वाकवत होता की नव्हता, यावर आम्हा नवरा-बायकोतच वाद झाला.

मूल मोठे होऊ लागले की ते दुखऱ्या हाताला विसरून जाते, हे मला कोणी आधी सांगितले नव्हते. सर्व कामे चांगल्या हाताने होतात आणि तो हात नुसता सोबत असतो. माझा मुलगा तर दात आल्यावर त्याच हाताची बोटे चावत असे, कारण तेथे त्याला संवेदना कमी होती. मी भाकरीच्या पिठाचा गोळा दोन्ही हातांत देऊ लागले, मोठा चेंडू द्यायचा म्हणजे एका हाताने धरता येत नाही, आणि बिस्किट डाव्या हातातच. नवव्या महिन्याच्या सुमारास तज्ज्ञ बिस्किट हातात देऊन पाहतात की मूल मान न झुकवता ते तोंडापर्यंत नेते का; आमचा मुलगा मान पुढे आणत असे आणि घरातल्यांना त्याचे कौतुक वाटत असे.

प्रवासाचे म्हणाल तर मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना अर्धे तिकीट आहे आणि पाच वर्षांखालील मुलाला तिकीट लागत नाही, त्यामुळे आई, आजी आणि बाळ असा प्रवास एका तिकिटात होतो. आपला रोज बुडवून प्रत्येक वेळी सोबत जाण्याची गरज नाही. मात्र तीन महिन्यांच्या तपासणीला आपण जावेच. तेथे निर्णयाची गोष्ट निघू शकते, आणि आमच्या घरी 'ह्यांना विचारून सांगते' या एका वाक्यात दोन महिने गेले.

निवृत्त_आरोग्यसेविका

मी उपकेंद्रात तीस वर्षे काम केले आहे, त्यामुळे सरकारी वाट कोठून जाते ते सांगू शकते. वाट चांगली आहे, पण ती स्वतः चालत आपल्या दारात येत नाही.

प्रथम आशाताईंना गाठा. दवाखान्यात जन्मलेल्या बाळाला बेचाळीस दिवसांत त्यांनी सहा भेटी द्यायच्या असतात, आणि नंतर तिसऱ्या, सहाव्या, नवव्या, बाराव्या व पंधराव्या महिन्यात पुन्हा यायचे असते. अडचण अशी होते की बाळंतीण माहेरी असते आणि नाव सासरच्या गावच्या यादीत असते. मग दोन्हीकडच्या आशाताईंना वाटते की बाळ दुसरीकडे आहे. आपल्या मुलीचे असे होऊ देऊ नका. माता-बाल संरक्षण कार्ड सोबत ठेवा, सध्याच्या गावात नोंद करा आणि पाचव्या महिन्यात मंगळवेढ्याकडे येताना तिकडच्या उपकेंद्रात आधी कळवा.

दुसरे, २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा येते. पथकात दोन डॉक्टर, औषधनिर्माता आणि परिचारिका असतात. जन्मजात व्यंग आणि विकासातील विलंब शोधून बालकाला पुढे पाठवणे हे त्यांचे कामच आहे. पथक येण्याची वाट पाहू नका. प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा ग्रामीण रुग्णालयात जाऊन पथकाच्या डॉक्टरांचा पत्ता काढा आणि संदर्भ चिठ्ठी मागा. त्या चिठ्ठीवर जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवता येते. बालरोगतज्ज्ञ, भौतिकोपचारतज्ज्ञ, श्रवण व वाचा तज्ज्ञ असे सर्व एका छपराखाली असावेत, अशी त्या केंद्राची रचना ठरलेली आहे. चिठ्ठी मिळण्यास उशीर लागत असेल तर तेवढ्यासाठी थांबू नका. सोलापूरच्या सिव्हिलमध्ये, म्हणजे डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाशी जोडलेल्या रुग्णालयात, केसपेपर काढून बालरोग विभागात दाखवा आणि तेथून भौतिकोपचार विभागाकडे जा. अक्कलकोटहून जाणार असाल तर गुरुवार टाळा. स्वामींच्या दर्शनाच्या गर्दीमुळे परतीच्या गाडीत बाळंतिणीला बसायला जागा मिळत नाही.

जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात एक वर्षापर्यंतच्या आजारी बालकाला सरकारी संस्थेत मोफत उपचार आणि ने-आण यांची तरतूद आहे. वाहनाची मागणी आरोग्य केंद्रात आदल्या दिवशीच नोंदवावी. आयत्या वेळी गाडी बहुधा दुसऱ्या बाळंतिणीला घेऊन गेलेली असते. शस्त्रक्रियेची वेळ आलीच तर महात्मा जोतिबा फुले जनआरोग्य योजनेत ती बसते का, हे त्या त्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला दाखल होण्यापूर्वी विचारावे.

लसीकरणाच्या तारखांना तपासण्या जोडल्या तर विसर पडत नाही. सहा, दहा आणि चौदा आठवडे या लसी आहेतच. दहाव्या आठवड्याला व्यायाम नीट होतो का ते दाखवायचे, आणि चौदाव्याच्या आधी मोठी तपासणी झालेली असेल. पोलिओची टोचायची लस सहाव्या आणि चौदाव्या आठवड्याला उजव्या दंडावर देण्याची पद्धत आहे. आपल्या मुलीचा दुखरा हात नेमका तोच आहे. तेव्हा सिस्टरांना आधी सांगावे, म्हणजे त्या हात ओढून घट्ट धरणार नाहीत आणि काय करायचे ते डॉक्टरांना विचारून ठरवतील.

आपण लिहिले आहे की बाळ किंचित उशिराने रडले. दूध नीट ओढते हे चांगलेच आहे, आणि झटके आले नसतील तर तेही. तरीही पुढच्या महिन्यांत मान धरते का, चौथ्या महिन्यानंतरही डाव्या हाताची मूठ सतत घट्ट मिटलेली राहते का, पाय कात्रीसारखे एकमेकांवर जातात का, याकडे लक्ष ठेवा. प्राणवायू कमी पडून मेंदूला इजा झालेल्या मुलांचे उपचार वेगळे आणि योजनाही वेगळ्या असतात. राष्ट्रीय न्यासाचा एक लाख रुपयांपर्यंतचा निरामय आरोग्य विमा सेरेब्रल पाल्सीच्या, म्हणजे मेंदूच्या अशा इजेमुळे हालचालीत दोष आलेल्या, मुलांसाठी आहे आणि त्यात थेरपीचा खर्चही येतो. केवळ खांद्याच्या नसांची इजा असलेले मूल त्यात बसत नाही. गावात कोणी दोन्ही 'पाल्सी' एकच समजून अर्ज भरून देतात आणि लोक वर्षभर त्याच्या मागे हिंडतात. दिव्यांग प्रमाणपत्राचीही आत्ता घाई नको. हात अजून सुधारतो आहे, तेव्हा किती टक्के हे कोण ठरवणार?

दोन कामे आपल्या पत्नीसाठी सांगते, कारण बाळाच्या धांदलीत तिच्याकडे कोणाचे लक्ष जात नाही. बाळाचे वजन चार किलोच्या वर होते, तेव्हा प्रसूतीनंतर सहा ते बारा आठवड्यांत तिची साखर ग्लुकोज पाजून तपासून घ्या. आणि प्रसूतीच्या नोंदींची प्रत दवाखान्याकडे लेखी मागून ठेवा; मागणी केल्यापासून बहात्तर तासांत ती देणे डॉक्टरांवर बंधनकारक आहे. भांडणासाठी हे सांगत नाही. पुढच्या वेळी खांदा अडकल्याची नोंद डॉक्टरांना पहिल्या भेटीतच दिसली पाहिजे.

शाळूचे_रान

सर्वांचे मनःपूर्वक आभार. मंगळवारी पत्नी, सासूबाई आणि मी बाळाला घेऊन सोलापूरला जाऊन आलो. एक्स-रे फोटो काढल्यावर गळ्याजवळचे उजवे हाड मोडून जुळून आल्याचे दिसले. जुळलेल्या जागी गाठ आहे आणि ती विरून जाईल असे डॉक्टरांनी सांगितले. हाड मोडले होते हे आम्हाला आजवर कोणी सांगितले नव्हते. पापणी, बाहुली आणि श्वास ठीक आहेत. कोपर अजून वाकत नाही, पण पाठीवर झोपवून हात हलकाच धरला असता खांद्यापाशी किंचित हालचाल जाणवते, असे त्यांनी नोंदवले.

व्यायाम प्रथम पत्नीने आणि नंतर सासूबाईंनी त्यांच्यासमोर करून दाखवले. पाते धरून ठेवण्याचे पत्नीला दोनदा चुकले. सासूबाईंना पहिल्याच वेळी जमले. हात आडवे करू नयेत याचे कारण डॉक्टरांच्या तोंडून ऐकल्यावर त्यांनी एवढेच विचारले की, मग इतके दिवस केले त्याने नुकसान झाले का. डॉक्टरांनी आजपासून करू नका म्हणून सांगितले आणि विषय तेथेच संपला. परतीच्या एसटीत त्या शेजारच्या बाईला 'दार उघडण्याचा' व्यायाम समजावून सांगत होत्या.

तीन महिने पूर्ण होतात ती तारीख आषाढी एकादशीच्या आठवड्यात येते आणि त्या दिवसांत आमच्याकडच्या बहुतेक गाड्या पंढरपूरकडे वळतात. म्हणून चार दिवस आधीची तारीख मागून घेतली आहे. कोपर वाकला नसेल तर त्याच दिवशी पुण्याची चिठ्ठी देण्याचे त्यांनी कबूल केले आहे. पेरणी भावावर सोपवली आहे.

एक शंका राहून गेली. दुपारी बाळ झोळीत झोपते. पातळाच्या झोळीत हात दाबला जातो का?

बालफिजिओ_सोलापूर

दाबला जातो. झोळीत दोन्ही खांदे पुढे ढकलले जातात आणि हात छातीवर आत वळून राहतो, म्हणजे व्यायामाच्या नेमके उलट. सध्या सपाट अंथरुणावर पाठीवर झोपवावे आणि उजव्या हाताखाली दुपट्याची पातळ घडी ठेवून हात अंगापासून थोडा बाजूला राहील असे पाहावे. झोळीशिवाय झोपतच नसेल तर झोळीत झोपवून, झोप लागली की अंथरुणावर घ्यावे. पहिले दोन-तीन दिवस ती जागी होऊन रडेल.